धार काढून दाखवा

पाली म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस आपोआप हात जोडतो. त्याला रायगडातली, बल्लाळेश्वराची पाली आठवते. आमची पाली बीडची. अष्टविनायकांत तिला जागा मिळाली नाही, धुळे-सोलापूर महामार्गावर मिळाली. शेजारी बिंदुसरेचं धरण, पुढे मांजरसुंब्याचा घाट. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की निम्मं बीड मोबाइल उंच धरून तिथे उभं राहतं. माझ्या भाच्याचा धंदा या सांडव्यावरच सुरू झाला. आधी रील, मग प्री-वेडिंग, मग अख्खी लग्नं.

कॅमेरा त्याने हप्त्यांवर घेतला आणि चांगला घेतला. फोर-के, दहा बिट, ४:२:२. लॅपटॉप मात्र कॉलेजातला, ४ जीबी रॅमचा. शूटिंग एका दिवसात व्हायचं आणि मिक्सिंग पुढच्या लग्नसराईपर्यंत चालायचं. एका जोडप्याची लग्नाची फिल्म देण्याआधी त्यांच्याच बाळाच्या बारशाची ऑर्डर आली, तेव्हा दाजींनी कापसाच्या पट्टीतले साठ हजार मोजून ठेवले.

"साठ. वर एक रुपया नाही," दाजी म्हणाले. "एवढ्यात दुभती गाय येती."

"गाय मिक्सिंग करत नाही," भाचा म्हणाला.

"लॅपटाप दूध देतो का?"

असा सगळ्या बाजूंनी विचार होऊन आम्ही तिघं पुण्याला निघालो. पालीहून बीडकडे येताना वाटेत खजाना विहीर लागते. निजामशाहीतली, सोळाव्या शतकातली. दुष्काळातही पाणी धरून असते अशी तिची ख्याती. दाजींनी जीपमधूनच तिला नमस्कार केला आणि भाच्याला विचारलं, "तुझ्या त्या डब्याची वॉरंटी किती?" भाचा म्हणाला, "एक वर्ष." दाजी पुढे काही बोलले नाहीत, नुसते विहिरीकडे मागे वळून बघत राहिले.

बीडहून एसटीने गेलो असतो तर लवकर पोचलो असतो. पण दाजींना रेल्वेने जायचं होतं, आणि त्यांच्या हट्टाला इतिहास आहे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ साली. अहिल्यानगरहून निघालेली गाडी आष्टीला पोचली २०२२ मध्ये, आणि बीडला आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. मार्ग मंजूर झाला तेव्हा दाजींचं लग्न ठरत होतं; गाडी आली तेव्हा पोरगा लोकांची लग्नं शूट करत होता. "माझ्या हयातीत आली, मंजी बसायलाच पाहिजे," असं म्हणून ते खिडकीशी बसले आणि अहिल्यानगरपर्यंत हलले नाहीत.

रेल्वेच्या डब्यात लॅपटॉप हा शब्द उच्चारू नये. अर्धा डबा सल्ला देतो. एका गृहस्थांनी "आय-सेव्हनच घ्या" म्हणून दम दिला. त्यांचा धंदा खताचा होता. एकाने सेकंडहँड घ्या म्हटलं. आष्टीला चढलेल्या एका पोराला मात्र खरंच कळत होतं. तो म्हणाला, "गेमिंगचा घ्या. स्वस्तात दुसरं काही झेपत नाही."

दाजी ताठ झाले. "आमचा पोरगा गेम खेळत नाही."

त्या पोराने समजावलं. व्हिडिओला लागतात त्याच गोष्टी गेमला लागतात: दमदार प्रोसेसर, वेगळं ग्राफिक कार्ड आणि तापल्यावर गार करणारे पंखे. बारीक, देखणे लॅपटॉप पाच मिनिटं पळतात आणि मग तापून दम टाकतात. आय-सेव्हन की आय-फाइव्ह हे बघण्याआधी नावाच्या शेवटचं अक्षर बघा, असं तो म्हणाला. 'यू' म्हणजे साधारण १५ वॅटवर भागवणारा, बॅटरी वाचवणारा. 'एच' म्हणजे ४५ वॅट खाणारा. 'यू'वाल्या आय-सेव्हनपेक्षा 'एच'वाला आय-फाइव्ह तासभराच्या एक्स्पोर्टला बऱ्याचदा पुढे निघतो. खतवाले गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. दाजींना हे लगेच पटलं. जास्त खाणारं जनावर जास्त काम करतं, यात त्यांना नवीन काही नव्हतं.

अहिल्यानगरहून पुण्याची एसटी धरली. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की तिघांपैकी दोघं उभे होते आणि बसलेले दाजी होते.

पुण्यातल्या शोरूममध्ये शिरताच गार हवा, ओळीने चाळीसेक लॅपटॉप, आणि प्रत्येकावर तोच मोर तोच पिसारा फुलवत होता. सेल्समन मुलाने गाव विचारलं. पाली म्हटल्यावर तो हात जोडून म्हणाला, "बाप्पाची!" भाचा म्हणाला, "धरणाची." मग त्याने एक चंदेरी लॅपटॉप दोन बोटांवर उचलून दाखवला. "आय-सेव्हन, सर. एकदम लाइट."

"शेवटचं अक्षर?" दाजींनी विचारलं.

मुलगा दचकला. अक्षर 'यू' निघालं.

"तरी स्मूद चालतो, काका. बघा ना, मोर."

"मोर तुमचा," दाजी म्हणाले. "बाजारात गाय घेताना मालक म्हणतो तेवढं दूध आम्ही धरत नाही. समोर धार काढून बघतो. बाळा, काढ रे धार."

भाच्याने खिशातून छोटी एसएसडी काढली. तिच्यात हळदीचं फुटेज होतं, कॅमेऱ्यातून निघालं तसं. या एका गोष्टीसाठी मी दाजींना मोठं मानतो. लॅपटॉप घेणारी माणसं खोक्यावरचे स्टिकर वाचतात, यूट्यूबवर दुसऱ्याच्या फुटेजचे निकाल बघतात आणि स्वतःचं फुटेज घरी ठेवून दुकानात जातात.

चंदेरी लॅपटॉपवर नवरीच्या मामाने हळदीचा हात उचलला आणि तो तिथेच थांबला. गाणं पुढे गेलं. हात गालाला लागला तेव्हा दुसरं कडवं सुरू होतं.

दुसरा लॅपटॉप काळा, लाल दिव्यांचा, मोठ्या एनव्हिडिया कार्डाचा. पंखे सुरू झाले आणि दाजींनी टोपी धरली. मामांचा हात इथेही अडकला. सेल्समनचा चेहरा पडला, कारण हा त्याचा वाघ होता. उलगडा भाच्याने केला: एनव्हिडियाची ५० मालिकेच्या आधीची कार्डं ४:२:० उलगडतात, एच.२६५ मध्ये ४:४:४ सुद्धा उलगडतात. ४:२:२ तेवढं नाही. नेमकं मधलंच. एच.२६५ मधलं ते काम इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या पोटातलं छोटं, फुकटात आलेलं ग्राफिक करतं. या वाघाच्या पोटात मात्र इंटेल नव्हता.

तिसरा दिसायला काहीच नव्हता. जाड, प्लॅस्टिकचा, कोपऱ्यात ठेवलेला. इंटेलचा आय-फाइव्ह, शेवटी 'एच', सोबत लहानसं कार्ड. मामांचा हात उठला, गालाला लागला, खाली आला. दाजींनी तोच हात पुन्हा पुन्हा लावून घेतला. नवरीला इतकी हळद लग्नातही लागली नसेल.

खोडी दोन होत्या. पडदा फिका होता, हळद ताकासारखी दिसायची. स्वस्त गेमिंग लॅपटॉपात पैसे वाचवतात ते इथेच. रंग घरच्या टीव्हीला जोडून बघायचं ठरलं. दुसरी खोड रॅमची. ८ जीबीची एकच पट्टी, दुसरी खाच रिकामी. १६ शिवाय फोर-के जमत नाही, आणि दोन पट्ट्या असल्या तर वेगही वाढतो. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेले. एआयची डेटा सेंटरं जगभरातली मेमरी ओढून नेतायत, असं सेल्समन म्हणाला.

"भाव वाढला तो पिकवणाऱ्याला मिळतो का?" दाजींनी विचारलं. मिळतो, असं कळल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

मग किंमत. मुलगा म्हणाला, अडुसष्ट, जीएसटी धरून. दाजींनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर पसरलं आणि खालून त्याची बोटं धरली. आमच्या बैलबाजारात सौदा असाच होतो, भाव चारचौघांना कळू नये म्हणून. मुलगा घाबरून मॅनेजरला हाका मारू लागला. मॅनेजर आला, त्याने उपरण्याकडे बघितलं, गालात हसला आणि स्वतःचा हात आत घातला. कुठल्या तालुक्याचा ते त्याने सांगितलं नाही. हात बाहेर निघाले तेव्हा एकसष्ट हजारांत दुसऱ्या पट्टीसह सौदा झाला होता. वरचे हजार मी दिले. दाजींचा शब्द मोडू नये म्हणून.

पालीला आल्यावर भाच्याने दाविंची रिझॉल्व्ह हे मिक्सिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. दाविंची हा कुठला पाहुणा, हे आक्काने चहा टाकण्यापूर्वी विचारून घेतलं. मग लाइट गेली. कामाला लावलेल्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिकली तर खूप, म्हणून इन्व्हर्टर आला, तो पुन्हा दाजींच्या पट्टीतून. पण फिल्म झाली. फोर-के, टीव्हीवर रंग पारखलेली, मामांचा हात तालावर.

नवरदेवाचे वडील पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट करत बघत राहिले.

"याला लावायला काही नाही आमच्याकडं," ते म्हणाले. "व्हॉट्सॲपला टाका की. स्टेटसला बसंल एवढंच करा."

"पेनड्राइव्हचे वेगळे पडतील," दाजी मागून म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं काढलं.