गुडघा आणि गोतावळा

पेणमध्ये गुडघे बारमाही तयार होतात. शाडूचे, प्लास्टरचे, वीतभर मूर्तीचे आणि पुरुषभर मूर्तीचेही. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपती एक पाय दुमडून महिनोन्‌महिने बसलेले असतात आणि हूं की चूं करत नाहीत. माझे गुडघे मात्र शाळेत फळ्यासमोर भूमिती शिकवण्यात आणि घरी विळीवर बसण्यात झिजले.

झिजतं ते हाडांच्या टोकांवरचं कूर्चेचं अस्तर. मग हाडावर हाड घासतं आणि जिना चढताना आपल्याच पायातून कटकट ऐकू येते. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून हे दहा मिनिटांत सांगितलं. गुडघा बदलण्याच्या निर्णयाला मात्र वर्षं गेली, कारण गुडघा माझा असला तरी निर्णय गोतावळ्याचा होता. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला दिला, नणंदेनं महानारायण तेल. रोह्याच्या मावशींनी मेथीचे लाडू पाठवले, ते इतके कडू की दुखण्याचा विसर पडावा. ह्यांनी औषध दिलं नाही, विनोबा दिले. मी रिक्षाचं नाव काढलं की, "अगं, आपल्याच गागोद्याचे ना ते! १९५१ साली भूदानासाठी निघाले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते, आणि पुढं वर्षानुवर्षं पायीच!" मी म्हणायची, विनोबांना घरी येऊन तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या नव्हत्या.

दुखण्यानं मी हललेच नसते. पण एका गणपतीत उभं राहवेना म्हणून आरतीला मखराशेजारी खुर्ची टाकून बसले, तर पोरं देवाला नमस्कार करून रांगेनं माझ्याही पाया पडून गेली. एकानं तर पुढ्यात फूल ठेवलं. त्याच रात्री मुलाला सांगितलं, तारीख घे.

आमच्या पिढीला हे ऑपरेशन कळलं ते अटलजींमुळे. पंतप्रधान असतानाच, ऑक्टोबर २००० मध्ये, मुंबईच्या ब्रीच कँडीत न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावतांनी त्यांचा डावा गुडघा बदलला आणि पुढच्या जूनमध्ये उजवा. तेव्हा वाटायचं, हे पंतप्रधानांनाच परवडावं. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्रास वापरतात त्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला, कर सोडून, ५५ हजारांच्या आत. हॉस्पिटलचं बिल वेगळं, पण आमच्या घरातली एक मोठी सबब त्या दिवशी संपली.

"वाटी स्टीलची बसवली का हो?" हा माझा डावा गुडघा बदलल्यावर भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न. वाटी माझीच आहे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची टोकं थोडी तासून त्यांवर धातूचं आवरण बसवतात, मध्ये प्लास्टिकची चकती. एवढंच. पण ते एवढंच पचवायला दम लागतो. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं तेव्हा मला डॉक्टरांची जात-कुळी काढावीशी वाटली. मुंबईहून परतताना हायवेच्या प्रत्येक खड्ड्यानं नव्या गुडघ्याची आपुलकीनं चौकशी केली.

खरी परीक्षा घेतली ती फिजिओथेरपीच्या मुलीनं. माझ्या नातीच्या वयाची. "आजी, नव्वद अंश व्हायलाच हवेत." कितीतरी पिढ्यांना मी काटकोन शिकवला, आणि आता माझाच पाय विशालकोनाखाली उतरेना. ती कोनमापक लावून आकडा वहीत टिपायची, आणि मी नापास विद्यार्थ्यासारखी तिच्या तोंडाकडे पाहायची. जिन्याचा नियम मात्र तिनं एकदाच सांगितला आणि तो पक्का बसला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

आता बाजारात जाऊन पोहे-पापड घेऊन चालत येते. ह्यांना मागं वळून हाका माराव्या लागतात. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं मात्र डॉक्टरांनी बंद केलं. पंगतीत सगळे खाली आणि मी एकटी वर, निवडणूक निरीक्षकासारखी. मोदकही टेबलाशी बसून वळते. त्यामुळं कळ्या जास्त सुबक येतात असं माझं मत आहे, नणंदेचं वेगळं आहे.

उजवा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरलाय. भेटायला जरूर या. फक्त मेथीचे लाडू आणू नका, डिंकाचे चालतील.