घंटेचा पंचनामा

ज्या गावाच्या नावात 'सुका' आणि 'पूर' हे दोन हाडवैरी एकाच उंबरठ्याआड नांदतात, त्या गावी वास्तव्य करणाऱ्या मनुष्यास उतारवयात रहस्यकथांचे व्यसन जडले, तर त्याचा दोष सर्वस्वी त्याच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पनवेलहून माथेरानच्या रोखाने निघालेल्या रस्त्यावर आमचे हे सुकापूर लागते. रिक्षावाल्याच्या तोंडी ते सुकापूर, ग्रामपंचायतीच्या दप्तरी पाली देवद, आणि इमारती बांधून विकणाऱ्यांच्या रंगीत जाहिरातींत न्यू पनवेल. आणि दिवाणी कोर्टाच्या दफ्तरखान्यात एकतीस वर्षे धूळ खाल्लेल्या माझा अनुभव असा, की ज्या इसमाची तीन नावे निघतात त्याच्यासाठी एक स्वतंत्र फाइल उघडून ठेवलेली बरी.

माझे व्यसन साध्या रहस्यकथांचे नाही. ज्या कथांत एक लहानसे इंग्रजी खेडे असते, त्यात एक चर्च असते, चर्चमध्ये फुले रचणाऱ्या बायकांची एक समिती व त्या समितीत दोन तट असतात, ऑर्गन वाजविणारी एक खाष्ट कुमारिका असते, आणि या सर्वांच्या मधोमध, चहा व केक यांच्या विक्रीत फारसा व्यत्यय न आणता, एक प्रेत पडलेले असते, तशा कथा मला लागतात. चेस्टरटनचा फादर ब्राउन १९१० साली अवतरला तो बुटका, वाटोळ्या तोंडाचा, आपली छत्रीदेखील धड सांभाळू न शकणारा पाद्री. परंतु लोकांचे कबुलीजबाब ऐकून ऐकून पापाच्या विषयात तो इतका पारंगत झालेला, की चोराला आपण काय करणार आहोत हे कळण्यापूर्वी ते याला कळलेले असे. पुढे १९३० साली अगाथा क्रिस्टीबाईंनी मिस मार्पलला कादंबरीत आणले, तेव्हा कर्नलसाहेबांचे प्रेत टाकण्यास त्यांना पाद्र्याच्या अभ्यासिकेहून सोयीची जागा सापडली नाही. ही पुस्तके मी रात्री बारा-बारापर्यंत वाचीत बसतो, हे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी एकदा एकच प्रश्न विचारला, "इतकी माणसं मरतात, तर त्या गावात राहायला जातंच कोण?" या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी वाङ्मयात मला अद्याप सापडलेले नाही.

असे काही मराठीत का असू नये, या विचाराने मी अस्वस्थ झालो. आमच्या भाषेत रहस्यकथांचा दुष्काळ कधीच नव्हता; बाबुराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर कथा लिहून झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांना घरोघर पोहोचविले, आणि भूगोलाच्या पुस्तकाआड त्या वाचताना आमच्या पिढीने खाल्लेल्या छड्यांची नोंद कोणत्याही बारनिशीत नाही. गंमत अशी, की ज्या अर्नाळ्याची आठवण त्यांचे आडनाव करून देते तो वसईच्या परिसरातला, जेथे एका चर्चचा मनोरा दृष्टीआड होतो न होतो तोच दुसऱ्याचा दिसू लागतो. तरीही काळ्या पहाडास चर्चच्या बाकावर गुडघे टेकून कोणावर पाळत ठेवताना माझ्या वाचनात तरी मी पाहिले नाही. ख्रिस्ती घरातला अस्सल मराठी विनोद हवा तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे जावे. परंतु १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मकथेत रहस्य असे एकच, ते म्हणजे टिळक घरात न सांगता आज कोठे गेले!

तेव्हा एक काल्पनिक चर्च, एक काल्पनिक फादर आणि एक काल्पनिक प्रेत एवढ्या भांडवलावर मी सुकापुरातच मालिका आरंभिली आणि चौथ्या पानावर अडलो. अडचण प्रेताची नव्हती, सोसायटीच्या रखवालदाराची होती. खुनी मनुष्य फाटकाशी आला, की नाव, फोन, गाडीचा क्रमांक, कोणाकडे जावयाचे आणि कामाचे स्वरूप हे पाच रकाने भरल्यावाचून हा गृहस्थ त्यास आत सोडणार नाही, आणि काम आटोपून जाताना वेळ टाकून सही घेतल्यावाचून बाहेरही जाऊ देणार नाही. मग डिटेक्टिव्हाने करावे काय? दुसरी अडचण खुद्द फादरांची. इंग्रज पाद्र्यास रविवार सोडता सहा दिवस मोकळे; आमच्याकडील फादराच्या गळ्यात बहुधा एक शाळा असते. मे-जूनच्या दिवसांत बालवर्गाच्या प्रवेशासाठी पहाटेपासून बसलेल्या आईबापांच्या रांगेतून वाट काढीत ते प्रेतापर्यंत पोहोचणे दुरापास्त, आणि पोहोचलेच, तर मयताच्या नातलगांपैकी एकजण तरी हळूच त्यांना बाजूला घेऊन म्हणणार, "फादर, हे काय, होतच राहील, आमच्या नातवाचं तेवढं बघा."

आमच्याच मजल्यावर एक वसईकर ख्रिस्ती गृहस्थ राहतात. सणावारी ते वसईस जातात, आणि येताना राजेळी केळ्यांची सुकेळी, केळीच्याच वाळल्या पानांत बांधलेली, आमच्यासाठी न चुकता घेऊन येतात. ती चार पाने मी त्यांना वाचून दाखविली. त्यांनी अत्यंत सभ्यपणे ऐकून घेतले, आणि सुकेळ्यावरचे पान सोडवीत ते म्हणाले,

"अहो, मेलेलं माणूस कशाला हवं? चोरी चालत नाही का तुम्हाला? आमच्या देवळांतल्या घंटा गेल्यात की चोरीला. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली, अजून कोणी पंचनामा केला नाही."

"देवळांतल्या?"

"माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. आम्ही शाळेत जाऊन चर्च म्हणायला शिकलो."

माझ्या अंगातला कारकून खडबडून जागा झाला. त्याच रात्री मी कोरा कागद घेऊन प्रकरण नोंदविले. गुन्ह्याचे ठिकाण : वसई किल्ला व आसपासचा मुलूख. तारीख : १६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी तहनाम्यावर सही केली, त्याच्या आगेमागे. आरोपी : चिमाजीआप्पा, वडील बाळाजी विश्वनाथ, धंदा मुलूखगिरी, राहणार पुणे. कृत्य : किल्ल्याच्या तटास सुरुंग लावून तो हस्तगत करणे, आणि तेथील चर्चच्या घंटा उतरवून घाटापलीकडे रवाना करणे. फिर्यादी : हा रकाना कोरा ठेवला, कारण मूळ फिर्यादी आठवडाभरातच जहाजांत बसून निघून गेला होता.

हे प्रकरण हाती घेतल्यावर इंग्रजी मालिकांतील सर्व कर्नल मला फिके वाटू लागले. तेथे दोनशे पाने चोर कोण म्हणून शोधावयाचे. येथे चोराचे नाव शाळेच्या पुस्तकात, मुद्देमाल भर देवळात टांगलेला, आणि तो लपवून ठेवणे दूरच, येणारा-जाणारा प्रत्येक भाविक त्यावर टोला मारून त्याचा ठावठिकाणा जाहीर करतो! नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ ची, नसरापूरजवळ बनेश्वराच्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हा आकडा, भीमाशंकरी एक, वाईजवळ मेणवलीस एक, आणि आमच्या रायगड जिल्ह्यातच पालीच्या बल्लाळेश्वरी एक. शिवाय लक्षात घ्यावे, की घंटा आणि तोफ यांची जात एकच, तांबे आणि कथील. लढाईच्या दिवसांत घंटा वितळवून तोफ ओतणे हा युरोपातला जुना शिरस्ता. आमच्या मंडळींनी, तोफांची नड कधीच संपलेली नसताना, असले अवजड धूड घाट चढवून जसेच्या तसे देवापुढे नेऊन टांगले. याला चोरी म्हणावे तर चोराचा हेतू सिद्ध होत नाही, आणि न म्हणावे तर माझी मालिका बुडते.

जवळचा मुद्देमाल प्रथम तपासावा म्हणून मी पालीस जाण्याचे ठरविले आणि सकाळी साडेसहास नाक्यावर उभे राहून एका रिक्षावाल्यास विचारले, "पालीला जायला गाडी कुठे मिळेल?" त्याने माझ्याकडे नखशिखान्त पाहिले आणि म्हटले, "काका, पालीतच उभे आहात." पाली देवदच्या हद्दीत उभे राहून पालीची वाट विचारणारा डिटेक्टिव्ह चेस्टरटनलाही सुचला नसता. अखेर पनवेल, वाकण फाटा असे मजल दरमजल करीत आम्ही उभयता बल्लाळेश्वरी पोहोचलो. तो दिवस चतुर्थीचा होता, हे मला माहीत नव्हते आणि सौभाग्यवतींना माहीत होते. रांगेने मला आत नेले, रांगेनेच घंटेखाली आणले. मान वर करून मी चष्मा पुसतो न पुसतो, तोच मागून "चला, पुढे चला" असा पुकारा झाला, आणि वसईच्या मोहिमेतला तो ऐवज क्षणार्धात माझ्या मस्तकावरून मागे गेला. दहा वर्षांचा एक मुलगा बापाच्या खांद्यावरून ती वाजवीत होता. सरकारी पुराव्याशी चाललेली ही छेडछाड मी निमूट पाहिली, कारण त्याच क्षणी माझा डावा पाय कोणाच्या तरी उजव्या पायाखाली होता.

मेणवलीस मात्र निवांतपणा लाभला. कृष्णेचा तो विस्तीर्ण घाट, मागे नाना फडणविसांचा वाडा, मेणेश्वराचे देऊळ, आणि त्यालगत एका चिमुकल्या दगडी घुमटीत टांगलेली घंटा. वजन साडेसहाशे किलोच्या घरातले, असे सांगतात. अंगावर १७०७ हा आकडा. आणि धातूतून किंचित वर उठून आलेली, मूल घेतलेली मेरी. असंख्य वर्षांच्या हवेपावसाने तिचे नाकडोळे मऊ झालेले, परंतु मुलाभोवतीचा हात स्पष्ट. मी वही काढून लांबी-रुंदी टिपू लागलो, आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. वसई पडली १७३९ साली आणि नाना जन्मले १७४२ साली. म्हणजे ज्याच्या ताब्यात मुद्देमाल सापडला, तो गुन्ह्याच्या वेळी अन्यत्र होता असे नव्हे, तर कोठेच नव्हता! इतका भक्कम बचाव एकतीस वर्षांत मी कोणाही वकिलाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी तो मोठ्याने वाचून दाखविण्यास वळलो, तर सौभाग्यवती देवळातून हाती आलेल्या कुंकवाच्या पुडीत बोट बुडवून घंटेपाशी उभ्या.

"अगं, अगं! ती मेरी आहे. येशूची आई."

"असेल. कडेवर मूल आहे ना? लेकुरवाळी आहे बाई, तशी कशी सोडू?" आणि धातूच्या त्या झिजलेल्या कपाळावर त्यांनी कुंकवाचे बोट टेकविले, आणि मग, पोलिसी तपासाच्या सर्व नियमांना तिलांजली देऊन, घंटेस एक टोलाही दिला. नाद नदीवरून पलीकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. वहीत त्या जागी माझी रेघ वाकडी उमटली आहे.

घरी परतल्यावर मी रीतसर अहवाल तयार करून शेजाऱ्यांकडे नेला आणि फिर्यादीच्या रिकाम्या रकान्यात त्यांचे नाव घालण्याची परवानगी मागितली. त्यांनी चष्मा चढवून सगळे वाचले. कुंकवाच्या मजकुरापाशी ते थांबले, आता हे रागावतात की काय या शंकेने मी खुर्चीच्या कडेवर आलो, तर ते आपल्या पत्नीस हाक मारून तेवढेच मोठ्याने पुन्हा वाचून दाखवू लागले. आणि दोघेही हसले, ते बराच वेळ. मग ते म्हणाले, "फिर्यादी म्हणून माझं नाव नका घालू. त्या घंटा तरी फिरंग्यांनी स्वतःच्या खिशातून कुठे आणल्या होत्या? आमच्याच खापरपणजोबांच्या भातावरच्या फाळ्यातल्या असणार. आणि घंटा देवळातून गेली ती देवळातच गेली ना? मला साक्षीदार लिहा."

फिर्यादी हजर नसलेले, आरोपी स्वर्गस्थ, मुद्देमाल मिळून आलेला परंतु कोणी मागत नसलेला, असे हे प्रकरण कोणत्या सदराखाली निकाली काढावे, याचा दाखला माझ्या जुन्या दफ्तरखान्यातही सापडेलसे वाटत नाही. म्हणून मी ते तूर्त तहकूब ठेविले आहे. नारोशंकराच्या घंटेचा पंचनामा अद्याप व्हावयाचा आहे, आणि गोदावरीचा पूर देवळापर्यंत चढतो असे ऐकून असल्याने तो पावसाळ्यापूर्वी उरकणे इष्ट. नाशिकचा बेत पुढल्या महिन्यात ठरला असून दोन्ही कुटुंबे बरोबर येणार आहेत. सुकेळी साक्षीदारांनी आणावयाची, गाडीभाडे तपासी अंमलदाराने द्यावयाचे, आणि कुंकवाची पुडी यावेळी घरूनच नेण्यात येणार आहे.