कात्री कोणाला लागते?

काटकसरीबद्दल पुणेकरांची जी काही ख्याती आहे, ती शिवाजीनगरच्या महापालिका भवनापर्यंत येते आणि दारातल्या सुरक्षारक्षकाला नमस्कार करून परत जाते. आत तिचे कोणी ओळखीचे नाही.

२०२०चेच पाहा. जानेवारीत आयुक्तांनी २०२०-२१साठी ६,२२९ कोटींचे अंदाजपत्रक मांडले. फेब्रुवारीत स्थायी समितीतून ते बाहेर पडले तेव्हा ७,३९० कोटींचे झाले होते. महिन्याभरात १,१६१ कोटींची वाढ! त्या महिन्यात इतक्या वेगाने वाढणारी दुसरी गोष्ट म्हणजे कोरोनाचा विषाणू. पुढे मार्चमध्ये तो पुण्यात आला, टाळेबंदी लागली, बांधकामे थांबली आणि त्यांच्या परवानगीचे शुल्कही थांबले. ४ मे रोजी राज्य सरकारने आपल्या सगळ्या खात्यांना बजावले की विकासकामांवर तरतुदीच्या ३३ टक्केच खर्च करा. सरकारने हात आखडता घेतला म्हटल्यावर आता महापालिकेचे अंदाजपत्रकही अंग चोरून बसेल, असे भाबड्या माणसांना वाटले.

वर्षभराने, अजून मास्क तोंडावर असताना, २०२१-२२चे अंदाजपत्रक आले. आयुक्तांचे ७,६५० कोटींचे, स्थायी समितीचे ८,३७० कोटींचे. आयुक्तांनी मिळकतकरात ११ टक्के वाढ सुचवली होती. ती समितीने फेटाळली. निवडणूक वर्षावर आलेली असताना करवाढ मंजूर करणारा नगरसेवक अजून जन्माला यायचा आहे. कर वाढवायचा नाही, धंदे बसलेले आहेत आणि तरी जमेची बाजू सातशे कोटींनी वाढवायची, हे तुम्हाआम्हाला जमणार नाही. आपण अंथरूण पाहून पाय पसरतो. तिथे पाय आधी ठरतात आणि अंथरुणाची लांबी मुख्य लेखापालांनी कागदावर वाढवून द्यायची असते.

ती वाढते थकबाकीवर. मिळकतकराची थकबाकी हे असे धन आहे, की ते हाती येत नाही आणि संपतही नाही. ते वसूल करण्यासाठी अधूनमधून अभय योजना निघते. थकलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. २०२०च्या ऑक्टोबरात तीतली ८० टक्के शास्ती माफ करून टाकली. मे महिन्यात रांगेत उभे राहून कर भरणाऱ्याला या योजनेत काहीच मिळाले नाही, पण त्याला कोणाचे भय होते म्हणून अभय द्यायचे?

असो. समजा, उद्या खरोखरच कपातीवर बैठक बसली. (ही बैठक माझ्या मनातली आहे, इतिवृत्तात शोधू नये.) लेखापाल यादी वाचू लागतात. बाक? एक सन्माननीय सदस्य उसळून उठतात: बाकाला हात लावाल तर ज्येष्ठ नागरिकांच्या भावना दुखावतील. प्रभागात ज्येष्ठांपेक्षा बाक जास्त झालेत, हे कोणी बोलत नाही. कापडी पिशव्या? पर्यावरणाचा प्रश्न आहे. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या? स्वच्छतेचा प्रश्न आहे. स्वागतकमान? अस्मितेचा प्रश्न आहे, चर्चाच नको. गेल्या वर्षीच बसवलेले पेव्हर ब्लॉक काढून तसलेच पुन्हा बसवण्याचे काम? त्याची निविदा निघाली आहे, आता मागे फिरणे कायदेशीरदृष्ट्या अडचणीचे.

“मग ड्रेनेज?” लेखापाल दबक्या आवाजात विचारतात.

कोणीही उठत नाही. मंजूर, मंजूर.

याचे कारण पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. इथे बसथांब्यापासून व्यायामाच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर ‘संकल्पना’ अशी पाटी असते आणि तिच्याखाली माननीयांचा हसरा फोटो. बाक ही संकल्पना सुचायला केवढी प्रतिभा लागत असेल! जमिनीखालच्या पाइपाला मात्र संकल्पनाकार नसतो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला, माणसे गेली. पण ओढ्याच्या सीमाभिंतीवर फोटो लावला तर तो बघायला पुराच्या पाण्याशिवाय येणार कोण? बरे, एखाद्या फेब्रुवारीत चुकून ड्रेनेजला भरघोस तरतूद झालीच, तर डिसेंबरपर्यंत तिचे ‘वर्गीकरण’ करता येते. या लेखाशीर्षातले पैसे त्या लेखाशीर्षात. नळीने जायला निघालेले पैसे बाकावर जाऊन बसतात.

सारा दोष नगरसेवकांच्या माथी मारावा, तर तेही जमत नाही. मार्च २०२२मध्ये त्यांची मुदत संपली आणि आयुक्त प्रशासक झाले. मग पुढची काही वर्षे आयुक्तांनी अंदाजपत्रक तयार करायचे, स्थायी समिती म्हणून ते स्वतःच तपासायचे आणि सर्वसाधारण सभा म्हणून स्वतःच मंजूर करायचे. एकमताने. उपसूचना नाही, सभात्याग नाही, राजदंड पळवणे नाही. म्हणजे मग आकडा खाली आला? २०२३-२४ला ९,५१५ कोटी, पुढच्या वर्षी ११,६०१ कोटी, त्यापुढच्या वर्षी १२,६१८ कोटी. हद्दीत नवी गावे आली, महागाई वाढली, हे खरे. पण मला वाटते, त्या दालनाच्या हवेतच फुगवण्याचा काही गुण असावा.

तेव्हा पुढच्या मंदीसाठी माझा एक अल्पखर्ची प्रस्ताव. शहरातल्या प्रत्येक ड्रेनेजच्या झाकणावर ‘संकल्पना : मा. अमुक अमुक’ असे ठळक ओतून घ्यावे, फोटोसह. ड्रेनेजच्या तरतुदीला मग कोणी बोट लावू देणार नाही. साहेबांच्या चेहऱ्यावरून दिवसभर गाड्या जातील, असा आक्षेप येईल. त्यावरही तोड आहे. झाकण रस्त्यापेक्षा चार बोटे वर बसवावे, म्हणजे लोक आपोआप वळसा घालून जातील. यासाठी वेगळी तरतूदसुद्धा लागणार नाही, कारण निम्मी झाकणे तशी बसवूनच ठेवली आहेत.