पॉइंट सर

सरांची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही, फाइलवरून पटते. नाडी बांधलेली, मरून रंगाची, गाभण म्हशीसारखी फुगलेली ती फाइल काखेत नसेल तर समोरचा माणूस आमचे सर नव्हेत, असं खुशाल समजावं. पांढुर्ण्याचा पाऊस सुरू झाला की सर छत्री फाइलवर धरतात आणि स्वतः ओले होतात. "मी वाळतो रे," ते म्हणतात, "शिक्क्याची शाई पसरली का झालं."

फाइलीत सरांची विद्वत्ता आहे, तीही लॅमिनेशन केलेली. चार आठवड्यांचा ओरिएंटेशन, तीन-तीन आठवड्यांचे रिफ्रेशर, एक दिवसाची कार्यशाळा, अर्ध्या दिवसाची कार्यशाळा, आणि घरी खाटेवर बसून, मोबाइल उशीला टेकवून केलेले वेबिनार. प्रत्येक कोर्सचा समूहफोटो आहे. त्यात सर हमखास दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथे. डोळे मिटलेले असतात, पण ते फ्लॅशमुळे, असं त्यांचं म्हणणं.

पोरं त्यांना 'पॉइंट सर' म्हणायला लागली त्याचं मूळ 2010 सालात आहे. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता काढला. शिकवणं, शिकणं आणि मूल्यमापन या खात्याला वर्षाचे जास्तीत जास्त 125 गुण, त्यातले किमान 75 मिळवायचे. सरांनी तो तक्ता किराण्याच्या यादीसारखा तोंडपाठ केला. परीक्षेच्या कामाला 25 गुण आणि नव्या पद्धतीनं शिकवण्याला 20. सरांनी दोन्ही तोलून पाहिले आणि पर्यवेक्षणाची एकही ड्यूटी आयुष्यात सोडली नाही.

तरी 20 गुण म्हणजे काही रस्त्यावर पडलेले नसतात. ओरिएंटेशनहून परतल्यावर सरांनी एकदा नवी पद्धत राबवली. "आजपासून बाकं गोलात." आमची बाकं जोडबाकं, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडात जाम केलेली. गोल करायला गेलो तर अर्ध्या वर्गाची पाठ उरलेल्या अर्ध्याकडे झाली आणि मागच्या रांगेला खिडकीतून थेट रसवंती दिसू लागली. सरांनी फोटो काढला, अक्षांश-रेखांश छापून येणारा, जिओटॅगवाला. फोटो नीट आला हे बघितलं आणि म्हणाले, "ठीक हाय, आता सरळ करा." सहभागी अध्ययन साधारण सहा मिनिटं चाललं. फाइलीत ते अजून चालू आहे.

आता सरांचं अर्थशास्त्र शिकवणं. त्यासाठी थोडं 1956 मध्ये जावं लागेल. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची वाटणी झाली. नागपूर-विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि आमचं पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे बापाशी मराठी, तहसीलदाराशी हिंदी आणि देवाशी दोन्ही. सर घरी आमच्यासारखंच बोलतात. वर्गात मात्र खडू हातात आला की त्यांच्यात कोणी उत्तरेकडचा पंडित संचारतो. "विद्यार्थियो, आज हम मांग की लोच का अध्ययन करेंगे." म्हणजे मागणीची लवचिकता. मागच्या बाकावरून हळूच आवाज येई, "मागणीचा काय लोचा झाला बे?" तो लोचा आम्हाला तीन वर्षं सुटला नव्हता. वहीत व्याख्या होती, खाली दोन रेघा होत्या, आणि परीक्षेत आम्ही ती व्याख्या जशीच्या तशी सरांना परत केली. उधारी फिटली.

पण एक फेब्रुवारी आली. रात्री गारपीट झाली, लिंबाएवढ्या गारा. सकाळी वर्गात नऊ पोरं. बाकीचे बागेत पडलेली संत्री वेचत होते. सर आले तेच उदास. फाइल टेबलावर ठेवली, खडू घेतला, ठेवून दिला. सौंसरकडे त्यांचीही चार एकरांची बाग. तेवढ्यात एका पोरानं विचारलं, "सर, आमची मृगाची बाग विकली होती जी. तोड बाकी होती. आता पैशाचं काय होते?"

सर हिंदी विसरले. "सौदा कितीचा?"

"तीन लाखाचा."

"इसार?"

"तीस हजार."

"मंग मले सांग, रात्री गारा कोणाच्या बागेत पडल्या? तुह्या बापाच्या का व्यापाऱ्याच्या?"

वर्ग पेटला. एक म्हणाला, सौदा झाला म्हणजे माल व्यापाऱ्याचा, गाराही त्याच्याच. दुसरा म्हणाला, झाडावर आहे तोवर माल शेतकऱ्याचा. सरांनी फळ्यावर एक झाड काढलं, वाईट काढलं. झाडाच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला व्यापारी. "कागद हाय का?" "कागद कायचा सर, सबद हाय." "मंग सबद बुडाला तर कोणाचं किती बुडते, मांडा." मांडत गेलो. व्यापारी इसारावर पाणी सोडून पळाला तर त्याचे 30 हजार जातात, बापाचे 2 लाख 70 हजार. मग व्यापाऱ्यानं मुळात भाव कमी का लावला होता? कारण गारा, पाऊस, नागपूरच्या बाजाराची मंदी, हे सगळं त्यानं आधीच त्या भावातून वजा केलं होतं. आणि वजा करूनही तो पळणार असेल तर बापानं भाव कशाचा सोडला?

"याले जोखीम म्हणते," सर म्हणाले. "ज्याच्या डोक्यावर जोखीम, त्याले तिची किंमत भेटली पाहिजे. तुह्या बापानं किंमत देल्ली आणि जोखीमही घरीच ठेवली." मग गंमत म्हणून म्हणाले, "अन् या वर्षी जी संत्री वाचली त्यांचा भाव दुप्पट होईल. लोक घेणं सोडतील का?" कोणी म्हणालं, संत्री सोडतील, केळी घेतील. "आणि मीठ दुप्पट झालं तर?" "मीठ कसं सोडाव जी?" "झाली तुमची लोच," सर म्हणाले. तीन वर्षांचा लोचा एका मिठाच्या चिमटीत सुटला. घंटा झाली ती कोणालाच ऐकू आली नाही. शिपाई दारात उभा राहून ऐकत होता. त्याचीही बाग होती.

पुढे 2018 मध्ये आयोगानं नियम बदलले. शिकवण्याचे गुण गेले, टक्के आले. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतले की शेरा 'उत्तम', 70 ते 80 'समाधानकारक'. सर हरखले. तास घेतला का, एवढंच विचारतात. तो कोणाला मिळाला का, हे विचारत नाहीत. सरांचे 92 टक्के भरले. मग 2023 च्या शिक्षकदिनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं मालवीय मिशन आलं, प्रशिक्षण केंद्रांच्या पाट्या बदलल्या, आणि पुढच्याच महिन्यात पांढुर्णा तहसीलचा जिल्हा झाला. सर थोडे हिरमुसले. "पाहा, गावाची बढती झाली. ना रिफ्रेशर, ना मुलाखत. अन् सौंसर त्याच्यासोबत फुकटात!"

मी आता त्याच कॉलेजात अतिथी विद्वान आहे. हे आमच्या राज्याचं अधिकृत पद. अतिथी म्हणजे बदलीनं कोणी कायमस्वरूपी आला की ज्यानं उठायचं तो. अशा उठलेल्याला 'फॉलन आउट' म्हणतात. विद्वान म्हणजे ज्याला हे माहीत असतं तो. परवा सरांचा बढतीचा फॉर्म भरायला मी बसलो होतो, कारण ऑनलाइन. बोलता बोलता सांगितलं की इंग्लंडात शिकवण्यासाठी चार पायऱ्यांची फेलोशिप असते, असोसिएट फेलोपासून प्रिन्सिपल फेलोपर्यंत, आणि ती मागताना आपण काय शिकवतो, तसंच का शिकवतो, हे स्वतः लिहून द्यावं लागतं.

"लिहून?" सर दचकले. "सोबत फोटो जोडता येते का?"

फॉर्मात एक रकाना होता, नवीन अध्यापन पद्धतींचा. सरांनी गोलातल्या बाकांचा फोटो काढून दिला. मी म्हटलं, "सर, ते गारांचं लिहा ना. संत्र्याची बाग, इसार, मीठ. आम्हा नऊ जणांना अजून आठवते."

सर बराच वेळ आठवत राहिले. मग हसले, फाइलीची नाडी बांधली.

"ते? अरे, त्या दिवशी मी कुठं शिकवलं? आपण तर नुसते बोलत बसलो होतो. तो पिरियड अजून पुरा करायचा बाकी हाय."