शांतपणे वाट बघताना

आगमनकाळ म्हणजे नाताळआधीचे, शांतपणे वाट बघण्याचे दिवस, असं आमच्या वसईत फादर चारही रविवारी सांगतात. सोमवारच्या गॅदरिंगला धाकटीला मेंढपाळाचा डगला लागणार, हे आम्हाला रविवारी रात्री साडेदहाला कळलं. आजोबांची शाल कापली. आजोबा अजून शोधतायत.

मंगळवारी नाताळगीतांची तालीम, बुधवारी करंज्या, त्याच रात्री पुन्हा तालीम. गुरुवारी पापनिवेदनाची रांग. रांगेत मधे घुसल्याचं पाप निदान तिथल्या तिथे कबूल करता येतं.

पण खरा जीव खातो तो नाताळचा गोठा. गावात स्पर्धा असते ना! त्यामुळे बेथलेहेममध्ये यंदा मोटरवर चालणारा धबधबा आहे, पूल आहे, आणि रंग बदलणाऱ्या दिव्यांखाली बावचळलेलं एक गाढव आहे. मोटर दोनदा जळली. यजमान रजा टाकून तिच्याशेजारीच बसलेत.

24 च्या रात्री मिस्साला निघायचं, तर गव्हाणीत ठेवायचा बाळ येशूच सापडेना. सगळं घर पालथं घातलं. शेवटी कुलकुलांच्या डब्यात मिळाला, पिठाने माखलेला. 'तिथेच शांत होतं,' धाकटी म्हणाली.