टीपभाऊ उंबरमाळीकर

सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहिणारे ढिगाने असतात. कोडच्या डोक्यावर टीप लिहिणारा एखादाच. त्याला ऑफिसात कुणी जेवायला सोबत घेत नाही, कारण डब्यातल्या भाजीत काय घातलंय, काय घालायचं राहिलंय आणि ती उद्यापर्यंत टिकेल का, हे सगळं सांगितल्याशिवाय तो तुम्हाला घास घेऊ देत नाही. ही जात पुण्या-बंगळुरात कमी होत चाललीय. कसारा लाइनीवर अजून तग धरून आहे, आणि आमच्या उंबरमाळीत तर तिचा अस्सल नमुना राहतो. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर आहे. गाव त्याला टीपभाऊ म्हणतं.

खर्डी सुटली आणि कसारा अजून यायचाय, त्यांच्या मध्ये आम्ही. मुंबईच्या लोकलच्या नकाशात शेवटून दुसरे. इथून टीपभाऊ पहाटेची गाडी पकडून ठाण्याला आणि तिथून ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीत जातो. कंपनी मोबाइल ॲपं बनवते. ॲपमधली जी माहिती झाकून ठेवायची, ती कूटबद्ध करून देणारी एक सर्व्हिस मोबाइलमध्ये चालते. तिला हाक मारायला एक हेल्पर क्लास आहे. तो ज्याने लिहिला तो लिहून झाल्या झाल्या कॅनडाला गेला. मागे क्लास राहिला आणि त्याचं डॉक्युमेंटेशन करायला टीपभाऊ.

हेल्पर क्लास म्हणजे काय, हे त्याने मला कसाऱ्याच्या फलाटावर उभं करून समजावलं. लांब पल्ल्याची गाडी येते. पुढे थळ घाट, सदतीसास एक असा चढ. मग तिला बँकर इंजिनं जोडतात. ती इगतपुरीपर्यंत ढकलतात आणि सुटतात. आत झोपलेल्या प्रवाशाला पत्ताही नसतो. "ॲपला घाटाचं गणित कशाला ठाऊक पाहिजे? त्याने एवढंच म्हणायचं, हा मजकूर झाक. जोडणं, थांबणं, ढकलणं, सुटणं, सगळं बँकरचं." एवढं सांगेपर्यंत आमची परतीची लोकल सुटली होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही. गाडी चुकणं हे त्याच्या टिपेत धरलेलंच असतं.

त्याच्या स्वभावाची किल्ली इथेच आहे. जावामध्ये टीप लिहायची एक ठरलेली रीत आहे, तिला जावाडॉक म्हणतात. आत काय जातं ते 'ॲट पॅराम'पुढे, बाहेर काय येतं ते 'ॲट रिटर्न'पुढे आणि काय बिघडू शकतं ते 'ॲट थ्रोज'पुढे. बाकीचे लोक पहिली दोन कशीबशी भरतात. 'एन्क्रिप्ट' नावाच्या मेथडवर 'एन्क्रिप्ट करते' असं लिहितात आणि चहाला जातात. टीपभाऊ सुरुवातच 'थ्रोज'पासून करतो. कसारा लाइनीवर वाढलेला माणूस दुसरं काय करणार? घरातून निघताना आमच्याकडे गाडी कुठे नेणार याचा विचार कुणी करत नाही. ती आली नाही तर काय, याचा करतात. जुलै 2021 च्या पावसात उंबरमाळीच्या रुळांवर पाणी फलाटाला टेकलं आणि गाड्या थांबल्या, तेव्हा गावात हळहळ होती. टीपभाऊच्या चेहऱ्यावर मात्र जुनी टीप खरी ठरल्याचं समाधान होतं.

तर त्या क्लासवर त्याने काय काय लिहिलं! सर्व्हिसशी जोडणी व्हायला वेळ लागतो. जोडणी होण्याआधी हाक माराल तर पलीकडे कुणी नसेल. जोडणी मध्येच तुटेल; तुटल्याचा निरोप येईल, पण तुमचा मजकूर परत येईलच असं धरू नका. मुख्य धाग्यावर वाट पाहत बसू नका. पाच सेकंद ॲपने बोटाला दाद दिली नाही तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी लावून मोकळं होतं. जीसीएम नावाच्या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीत दर खेपेला नवा आरंभांक घ्या. एकाच किल्लीबरोबर तोच अंक दुसऱ्यांदा वापरलात तर झाकलेलं उघडं पडलंच म्हणून समजा. हा शेवटचा मुद्दा त्याने तीन ठिकाणी लिहिलाय. माझ्या मते दोन ठिकाणी पुरला असता.

गाजली ती बोटाच्या ठशाची टीप. फोनमधली एखादी किल्ली बोटाच्या ठशाला बांधलेली असते. फोनवर नवा ठसा नोंदवला, किंवा स्क्रीनचं कुलूपच काढून टाकलं, तर ती किल्ली कायमची बाद होते आणि तिने झाकलेलं पुन्हा उघडत नाही. टीपभाऊने हे नीट लिहिलं आणि खाली भर घातली : 'हे विशेषतः जुलै महिन्यात घडेल.' बंगळुरूच्या तपासनिसाने ते वाचलं आणि 'जुलैमधला बिघाड' या नावाने तक्रार नोंदवली. तारखांच्या कोडमध्ये दोघं जण खपले. शेवटी टीपभाऊला विचारलं, तेव्हा त्याचं उत्तर आलं : जुलैत आमच्याकडे भाताची आवणी असते. चिखलात दिवसभर रोपं लावून बायाबापड्यांच्या बोटांच्या रेघा पुसट होतात. रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही, फोनवरही लागत नाही. मग त्या पोराकडून दुसरं बोट नोंदवून घेतात, आणि किल्ली जाते. उत्तरासोबत चिखलणीचा फोटो जोडला होता. तक्रार 'बिघाड नाही' म्हणून बंद झाली, टीप मात्र काढायला लावली. त्याला हे दुःख अजून आहे, आणि मला वाटतं त्या अख्ख्या कागदात तीच ओळ खरी कामाची होती.

गावाला यातलं काही माहीत नाही. गावाच्या लेखी तो मोबाइलच्या कुलपांवर काम करतो, म्हणजे कुलूपवाला. रविवारी ओसरीवर रांग लागते. कुणी पॅटर्न विसरलेला, कुणाचं पीएम किसानचं केवायसी अडलेलं, कुणाला ओटीपी आला आणि वाचेपर्यंत मेला. टीपभाऊ प्रत्येकाला मुळापासून सांगायला घेतो. एईएस हे कूटबद्ध करण्याचं अमेरिकेचं प्रमाण, नोव्हेंबर 2001 मध्ये जाहीर झालं, रचलं दोन बेल्जियन माणसांनी. किल्ली एकशे अठ्ठावीस बिटांची तरी असते. दोनशे छप्पनपर्यंत पोचेतो रांग खर्डीच्या मोबाइल दुकानाकडे निघालेली असते. तिथला पोरगा पाच मिनिटांत फोन साफ करून देतो, आतल्या फोटोंसकट.

केर्कहॉफ्स नावाच्या भाषातज्ज्ञाने 1883 मध्ये सांगून ठेवलंय की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालावं, गुप्त राहावी फक्त किल्ली. टीपभाऊचं हे आवडतं वचन. आमच्या आळीत त्याची उलटी अंमलबजावणी आहे. मोबाइल फडक्यात गुंडाळून कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पिन चुलीमागच्या भिंतीवर खडूने, दुधाच्या हिशोबाशेजारी. त्याने आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "मग मला आठवायचा कसा?" या प्रश्नावर त्याने टीप लिहिलेली नाही.

महानुभावांवर त्याचा राग आहे. त्यांच्या पंथात रवळोव्यासांनी सकळ लिपी रचली. पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या आणि उलगडा पंथाबाहेर कुणाला मिळेना. शतकं लोटली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती सोडवली, तेव्हा कुठे बाहेरच्यांना वाचता येऊ लागलं. "एक पान डॉक्युमेंटेशन असतं तर राजवाड्यांचे किती कष्ट वाचले असते!" टीपभाऊ लोकलमध्ये कळवळून म्हणाला. मी म्हटलं, "मग ती गुप्त कसली?" आटगाव ते खर्डी तो एक शब्द बोलला नाही.

उलट नाणेघाटावर त्याचं प्रेम. मुरबाडच्या बाजूने, वैशाखऱ्यावरून चढायचं. बरोबरची मंडळी वर पोचून सेल्फी काढतात, हा लेण्यात शिरून सातवाहन राणीच्या लेखासमोर उभा. यज्ञ कोणते, दक्षिणा किती, गाई किती, सगळं भिंतीवर कोरलेलं. "दोन हजार वर्षं झाली, अजून उपयोगी पडतंय," तो म्हणतो. बाहेरचा दगडी रांजण जकातीचा, असं सगळे सांगतात. तिथे तो नाक मुरडून पुढे जातो. त्याला 'म्हणतात की' चालत नाही.

त्याच्या टिपा कुणी वाचत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या क्लासच्या टिपेत मधेच त्याने एक ओळ पेरली : 'इथवर वाचलंत तर चहा माझ्याकडून.' ती ओळ तीन तपासण्यांतून सुखरूप गेली. बऱ्याच काळाने मुरबाडची एक नवी मुलगी नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "दादा, चहा." तो हरखला. चहा पिता पिता ती म्हणाली, "आणि आरंभांक बारा बाइटांचा असतो, तुम्ही सोळा लिहिलंय. सोळा बाइटांचा तो शेवटचा टॅग." टीपभाऊने दुसरा चहा मागवला. त्या संध्याकाळी तो घरी आला तो इतका खुशीत, की वहिनींना वाटलं पगार वाढला.

2025 मध्ये गूगलने आपल्या जेटपॅक सिक्युरिटीतले असलेच मदतीचे क्लास 'यापुढे वापरू नका' म्हणून जाहीर केले. कंपनीनेही आपला जुना हेल्पर मोडीत काढायचं ठरवलं. सगळ्यांना वाटलं, टीपभाऊला धक्का बसेल. त्याने शांतपणे 'ॲट डेप्रिकेटेड' लिहून त्यापुढे आता काय वापरायचं, का वापरायचं आणि न वापरल्यास काय होईल, याची सविस्तर नोंद केली. ती मूळ टिपेहून लांब आहे.

क्लास अजून काढलेला नाही. कसा काढायचा, याची टीप लिहून व्हायची आहे.