पोट्टा करते काय?

अंजनगाव सुर्जीचं परदेशी माणसाशी जुळलेलं गाजलेलं प्रकरण एकच: ३० डिसेंबर १८०३ चा तह. एकीकडे दौलतराव शिंदे, दुसरीकडे वेलस्ली. प्रेमाचा त्यात लवलेश नाही. त्यामुळे रॉबिन ली या अमेरिकी लेखिकेची ‘द आयडिया ऑफ यू’ ही कादंबरी वाचून झाल्यावर तिच्याबद्दल बोलावं कोणाशी, हा मला प्रश्नच पडला. शेवटी शेजारच्या काकूंकडे गेले. काकू ओट्यावर नागवेलीची पानं निवडत होत्या. एकेक पान पालथं करायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, लांब देठ खुडायचा आणि डागाळलेलं पान बाजूला सारायचं.

गोष्ट अशी. सोलेन घटस्फोटित, चित्रांच्या गॅलरीची मालकीण, चाळिशीला टेकलेली. हेज वीस वर्षांचा, जगभरच्या पोरी ज्याच्यासाठी किंचाळतात असा गायक. लेकीच्या हौसेखातर आई त्याला भेटायला जाते आणि लेक राहते बाजूला. कादंबरी २०१७ ची. वाचकांनी हेजमध्ये लगेच गायक हॅरी स्टाइल्स शोधला. २०२४ मध्ये ॲन हॅथवेला घेऊन सिनेमा निघाला. त्यात ही बाई कोचेलाच्या संगीतमेळ्यात संडास समजून हेजच्याच गाडीत शिरते.

“येवढ्या मोठ्या जत्रेत संडासाची सोय नाई?” काकूंचा हात थांबला. “मंग आपली बहिरमची जत्रा काय वाईट हाय?”

गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यात. तेव्हा आमच्याकडे स्वच्छतेचा मुद्दा प्रेमाच्या आधी निघणारच.

“पोट्टा करते काय?”

“गातो.”

“थे समजलं वं. करते काय?”

त्याची विमानं, हॉटेलं, कमाई असं सगळं सांगितल्यावर काकूंनी मान डोलावली. स्थळ पसंत. मग मी आवाज खाली आणून मुख्य बॉम्ब टाकला: “काकू, तो तिच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान आहे!”

“तुह्या काकात न् माह्यात चौदा वर्साचं अंतर होतं. कोनी कादंबरी लिवली काय?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. देवलांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा कोवळ्या पोरीशी बोहल्यावर चढायला निघालेल्या म्हाताऱ्याचं काही चुकतंय हे लोकांना पटवायला पाच अंकी संगीत नाटक लागलं. बाई मोठी निघाली की नाटक लिहावं लागत नाही, गल्ली आपणहून अंक लावते. हॉलिवूडही गल्लीच. सिनेमावाल्यांनी हेजला वीसचा चोवीस केला. जणू ही चार वर्षं भरली की समाजाची हरकत संपते! हीच सवलत साठीतल्या नायकाच्या नायिकेला कोणी कधी दिली?

आणि आपल्याकडे हे घडलेलंच नाही असंही नाही. आशा भोसले १९३३ च्या, पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन, १९३९ चा. १९८० मध्ये त्यांचं लग्न झालं, तेव्हा तीन लेकरांची आई असलेल्या आशाताईंनी त्याच्या चालींवर कितीतरी वर्षं अख्खा देश नाचवला होता. मी हे काकूंना सांगितलं.

“मालूम हाय मले. थो नवरा झाला, पन गानं तं तिचंच राह्यलं ना? मंग बरं हाय.”

कादंबरीत दोघांची ताटातूट होते. सिनेमात मात्र लोकांच्या बोलण्याचा लेकीला त्रास होतो म्हणून दोघं थांबतात, आणि पाच वर्षांनी हेज परत येतो. मी हा शेवट जरा गहिवरून सांगितला. काकूंनी पानांची चवड फडक्यात गुंडाळली आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“पाच वर्सानं थो मोठा झाला, तं थे काय तेवढीच राह्यली? अंतर तं होतं तेवढंच हाय.”

“हो, पण लेक मोठी झाली ना काकू.”

“असं म्हन ना मंग! लेकीचं वय वाढाची वाट पाहेत होते. मी मघापासून त्या पोट्ट्याचंच मोजून राह्यली.”